अजून एक हात

तुमच्या इमारतीत तो आहेच. जिन्यात थिनरचा वास, बाल्कनीत विटांवर उलटे ठेवलेले कप्पे आणि लिफ्टच्या बटणावर पांढरा अंगठा, ही त्याची हजेरी. सिल्वासाजवळच्या सायलीत, कारखाने आणि मेडिकल कॉलेज यांच्या आसपासच्या भाड्याच्या फ्लॅटांत, तो जरा जास्तच आढळतो. जळगाव-धुळ्याकडून नोकरीसाठी आलेला, सुताच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर नाहीतर क्वालिटी खात्यात, आणि सुटीच्या दिवशी एमडीएफचं चपलांचं कपाट रंगवणारा. कपाट कधी होणार असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "झालंच की. अजून एक हात मारला की संपलं." गणपतीत विचारा, दिवाळीत विचारा, संक्रांतीचा तिळगूळ हातावर ठेवताना विचारा, एकच हात राहिलेला असतो. घरातल्या चपला तेवढा काळ दाराबाहेर, मिक्सरच्या खोक्यात. शेजारी त्याला कंजूष म्हणतात, बायको हट्टी म्हणते, आणि रविवारी सकाळी सातपासून ज्यांच्या डोक्यावर पॉलिशपेपर घासला जातो ते खालच्या मजल्यावरचे काय म्हणतात ते छापता येणार नाही. माझं म्हणणं एवढंच की गुन्हा घडलाय, पण कलम चुकीचं लावलंय.

आधी कंजुषीचं बघू. सुताराची मजुरी वाचवायला हे काम काढलं असं तो स्वतःच सांगतो, त्यामुळे लोकांचा दोष नाही. पण हिशेब टिकत नाही. प्रायमर, पुट्टी, इनॅमल, थिनर, १२० नंबरपासून ३२० पर्यंतचे पेपर, ब्रशचे ओरखडे दिसले म्हणून फोमचा रोलर, रोलरने दाणे उठले म्हणून भारीतला ब्रश, आणि कायमचे कामातून गेलेले दोन टी-शर्ट. एवढ्या पैशात वापीच्या बाजारातून तयार कपाट आलं असतं आणि टेम्पोचं भाडंही सुटलं असतं. काटकसरी माणूस पहिल्या डब्यावर थांबतो. जो तिसरा डबा उघडतो, त्याला पैसे वाचवायचे नसतात.

हट्टीपणाचा आरोप जास्त गंभीर आहे, पण त्यात निम्मा वाटा मालाचा आहे. एमडीएफ म्हणजे लाकडाचे पिंजलेले तंतू, बहुधा यूरिया-फॉर्मल्डिहाइडच्या चिकात कालवून गरम दाबाखाली थापलेली फळी. दाबाने वरच्या दोन्ही बाजू घट्ट होतात, मधला गाभा त्यामानाने सैल राहतो. म्हणून फळीचा चेहरा लगेच रंग धरतो आणि कापलेली कड मात्र टीपकागदासारखी रंग पीत बसते. पाण्यातला प्रायमर लावलात तर दबलेले तंतू पाणी पिऊन उभे राहतात आणि कड खरखरीत होते. म्हणून कडेला पुट्टी भरा, वाळू द्या, घासा, ऑइल प्रायमरने तोंड बंद करा, पुन्हा घासा. हे टाळलं तर वरून कितीही रंग ओता, कड वेगळी दिसणारच. फळी पाण्याने एकदा फुगली की वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाही. थोडक्यात, या मालाच्या बाबतीत "अजून एक हात" हे निदान पहिल्या दोन वेळा तरी चक्क बरोबर असतं. मागच्या बाजूचंही तेच. "अहो, ती बाजू भिंतीला लागणार, तिथे कोण बघायला येतंय?" हा घरातला प्रश्न रास्त वाटतो. पण एक बाजू रंगवून दुसरी उघडी ठेवली तर ओल एकाच अंगाने शिरते आणि फळी बाक घेते. दोन्हीकडे सारखेच हात द्यावे लागतात. इथे तो बरोबर आहे, आणि आपण बरोबर आहोत हे त्याला माहीत आहे, हा त्याच्याबरोबर राहण्यातला खरा त्रास.

त्याला दोष द्यायचाच तर धुळीचा द्यावा. घासताना उडणारी पूड मैद्याहून बारीक असते, आणि तिच्यात लाकडाबरोबर तो चीकही असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला २००४ साली माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. लाकडाची धूळ त्या यादीत आधीपासूनच होती. कारखान्यात बिनामास्कच्या कामगाराला मेमो देणारा हाच गृहस्थ घरी नाकाला हातरुमाल बांधतो, आणि बोलायचं झालं की तोही खाली ओढतो.

आता मुहूर्ताकडे या. प्रायमर लावायला त्याचा आवडता दिवस म्हणजे इथला मुक्तिदिन, २ ऑगस्ट. १९५४ साली जुलैच्या उत्तरार्धात दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा पोर्तुगिजांच्या ताब्यातून सुटलं. सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे अशी मराठी मंडळी त्या मोहिमेत होती, आणि पंधरवड्याच्या आत, भर पावसात, एवढं काम उरकलं. याचं कपाट तेवढ्या अवधीत प्रायमरच्या पुढे सरकत नाही. कसं सरकेल? वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा हा मुलूख, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. इनॅमल दोन-दोन दिवस हाताला चिकटतं. कुणाकडून स्प्रे गन आणून लॅकर मारलं तर थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. अडाणीपणा म्हणावा, तर सुताच्या कारखान्यात हवेतल्या दमटपणाची नोंद ठेवणं हा त्याच्या नोकरीचाच भाग असतो. त्याला हे सगळं कळतं. तरीही तो ऑगस्ट निवडतो, आणि ऑगस्टात बिघडलेलं सगळं ऑक्टोबरात घासून काढतो. काम संपू नये अशी व्यवस्था माणूस अजाणतेपणी इतकी चोख करत नाही.

आणखी पुरावा हवा असेल तर रंगाची निवड बघा. मॅट रंग घेतला असता तर बारीकसारीक दोष आपोआप झाकले गेले असते. हा घेतो झगझगीत ग्लॉस, तोही पांढरा, ज्यात ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबाबरोबर प्रत्येक खळगा दिसतो. मग रात्री जेवणं झाली की दिवा मालवून उकिडवा बसतो, मोबाइलची बॅटरी फळीला आडवी टेकवतो, एक डोळा मिटतो आणि तिरप्या उजेडात ओरखडे हुडकतो. सापडला की नखाने चाचपतो, पेन्सिलीने त्याभोवती गोल करतो. चेहऱ्यावर अशा वेळी जे समाधान असतं ते पगाराच्या दिवशी नसतं. इतकं गुळगुळीत हवंय कशाला, असं विचारणाऱ्याला इथलीच वारली घरं दाखवता येतील. कुडाची भिंत, तिच्यावर शेणमाती आणि गेरू, वर तांदळाच्या पिठाची चित्रं. खडबडीतपणाने तिथे कुणाचं अडलं नाही. पण ती भिंत रंग शोषून आपलासा करते. चकचकीत इनॅमल फक्त वर बसतं आणि खालचं सगळं चव्हाट्यावर मांडतं.

प्लायवूडला सनमायका चिकटवला असता तर दुपारच्या चहापर्यंत काम आटोपलं असतं, हा आक्षेप बिनतोड आहे आणि तोच माझ्या बाजूचा आहे. सनमायका दुसऱ्याने पूर्ण करून पाठवलेला असतो, आणि याच्या नोकरीत तर काहीच याच्या हातून पूर्ण होत नाही. करसवलतींच्या काळात इथे कारखाने आले, पॉलिएस्टरचं सूत निघायला लागलं. सूत इथे होतं, कापड दुसरीकडे विणलं जातं, साडी तिसरीकडे खपते. पंधरा-वीस वर्षं बॉबिन मोजणाऱ्याने आपल्या सुताचा पदर कधी पाहिलेला नसतो. ‘ओके’चा शिक्का मारायचा आणि पुढे ढकलायचं, शिफ्ट संपली की दुसऱ्याच्या हवाली करायचं. घरातलं कपाट ही त्याच्या हाती आलेली अशी एकमेव वस्तू आहे, जी ‘ओके’ कधी म्हणायचं हे तो ठरवतो. आणि तो अधिकार एकदा वापरला की संपतो. छंदच आहे हो, त्यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण छंदवाला पाहुण्यांना ओढत नेऊन दाखवतो. हा पाहुण्यांची चाहूल लागताच कपाटावर वर्तमानपत्र पसरतो आणि "अजून व्हायचंय" म्हणतो. त्या वर्तमानपत्रामुळे मला तो आवडतो. आवडावा असं काही तो मुद्दाम करत नाही, खालच्या मजल्याला तर नाहीच नाही.

शेवटी बदली येते, किंवा युनिट बंद होतं. तेव्हा एमडीएफचा आणखी एक गुण कळतो. कडेत बसवलेला स्क्रू एकदा काढला की त्याच भोकात पुन्हा धरत नाही; भुसा गळतो आणि बिजागरी हातात येते. कपाट भिंतीवरून सुटतं, पण पुन्हा उभं राहण्याची खात्री नसते. पॅकर्सवाला मान हलवतो, बायको म्हणते राहू द्या. कपाट फ्लॅटमध्येच राहतं. घरमालक पुढच्या भाडेकरूसाठी ‘सेमी-फर्निश्ड’ अशी जाहिरात देतो, भाडं वाढवतो, आणि फरशीवरचे पांढरे शिंतोडे काढायचा खर्च याच्या डिपॉझिटमधून कापून घेतो.