लग्नास परवानगी मिळणेबाबत

आमच्या भाचीला परराष्ट्र सेवेत जायचंय हे कळल्यावर घरात पहिला प्रश्न निघाला तो तिच्या लग्नाचा. "उद्या हिची बदली घानाला झाली, तर जावई तिथे दिवसभर करणार काय?" नणंदबाई म्हणाल्या. त्यांचे यजमान निवृत्त झाल्यापासून चिपळुणात दिवसभर काय करतात, हे विचारायची सोय नव्हती.

मी सी. बी. मुथम्मांचं नाव काढलं. कूर्गच्या. १९४९ साली परराष्ट्र सेवेत दाखल झालेल्या पहिल्या बाई. मुलाखत घेणाऱ्यांनीच त्यांना या सेवेचा नाद सोडा म्हणून समजावलं होतं. त्या बधल्या नाहीत, म्हणून मग नियमच बधणार नाहीत अशी व्यवस्था झाली. १९६१चा नियम असा, की सेवेतल्या बाईने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी. आणि पुढे संसारामुळे कामात अडथळा येईलसं सरकारला वाटलं, तर तिला राजीनामा द्यायला सांगता यावं.

त्या अर्जाचं मला फार कुतूहल आहे. सोबत काय जोडायचं? मुलाची पत्रिका, की तिची साक्षांकित प्रत? साखरपुडा तोंडावर आला आणि फाइल वित्त विभागात अडकली, तर व्याह्यांना काय सांगायचं? पुरुष अधिकाऱ्याला ही कटकट नव्हती. उलट त्याच्या लग्नाने सरकारला मेजवान्या सांभाळायला बिनपगारी माणूस मिळे. त्याचाही संसार कामाच्या आड येत असेल, ही शंका नियम लिहिणाऱ्याला शिवली नाही. तो स्वतः घरी आयतं जेवत असावा.

मुथम्मांनी लग्न केलंच नाही. १९७०मध्ये त्या हंगेरीत राजदूत झाल्या, नंतर घानात. तरी वरची बढती अडली, तेव्हा त्या थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. प्रकरण कोर्टात असतानाच सरकारने बढती देऊन टाकली. त्यामुळे १९७९मध्ये अर्ज निकालात निघाला खरा, पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी जाता जाता त्या नियमांचे वाभाडे काढले: संसार आड यायचाच तर पुरुषाच्याही येईल की! मुथम्मा हेगला राजदूत म्हणून गेल्या. कोडवा स्वयंपाकाच्या एका पुस्तकावर सहलेखिका म्हणून त्यांचं नाव आहे. म्हणजे स्वयंपाक येत होता हो, सरकार उगीच काळजीत होतं.

२००१मध्ये चोकिला अय्यर पहिल्या महिला परराष्ट्र सचिव झाल्या, हेही मी सांगितलं. नणंदबाईंनी विचारलं, "त्यांचे मिस्टर काय करतात?"

तेव्हा वाचकहो, तुमच्या पाहण्यात एखादा मुलगा असेल तर कळवा. पत्रिका नको. दर तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवायची तयारी हवी, पाहुण्यांशी हवापाण्यावर तासभर बोलता यावं आणि बायको कामात असताना तिला रुमाल कुठे आहे म्हणून विचारू नये. घाई मात्र नाही. भाचीची पूर्वपरीक्षा अजून व्हायची आहे.