शेवट सांगू नकोस

“अगं, दूध उतू जाईल, नि तू कुंपणाला टेकून कॉमिक कसलं वाचतेस?”

“लेकीचं आहे काकू. जपानी. ‘होलिक’. नावाआधी तीन फुल्या असतात, पण त्या वाचायच्या नाहीत.”

“फुल्या? शिव्या आहेत की काय आत?”

“शिव्या नाहीत, भुतं आहेत! वातानुकी म्हणून एक शाळकरी पोरगा. त्याला भुतं दिसतात, वर ती मागेही लागतात. एक दिवस पाय आपोआप एका दुकानात वळतात. मालकीण यूको. मागाल ते देते, पण तोलून मोल घेते. ‘हे दिसणं बंद कर’ म्हणाला, तर बसला तिच्याकडे राबत. झाडलोट, स्वयंपाक. ती लोळणार, साके ढोसणार नि फर्माइशी सोडणार.”

“म्हणजे सासूच की!”

“एका गिऱ्हाइकाला खोटं बोलायची खोड. साध्या साध्या गोष्टीत हो, गरज नसताना. यूको करंगळीत घालायला अंगठी देते. पण खोड सुटेना. दर थापेला अंग जड होत जातं, शेवटी भर रस्त्यात बाईला हलता येईना, नि समोरून ट्रक.”

“मेली?”

“तुम्हीच वाचा. भूत कुठे नाही त्यात, मला तरी तीच गोष्ट सगळ्यात भयंकर वाटली. दुसरी एक इंटरनेटच्या नादी लागलेली. यूको सरळ बेसबॉलची बॅट घेऊन तिचा कॉम्प्युटर फोडते.”

“ती बॅट आमच्याकडे पाठव. ह्यांचा मोबाइल आहे.”

“आणि माकडाचा पंजासुद्धा आहे. १९०२ सालची जेकब्जची ती इंग्रजी गोष्ट, इच्छा पुरी करून घात करणारा पंजा, तोच हिच्या दुकानात. मूळ गोष्टीत तो मंतरलेला कुणी, ठाऊक आहे? आपल्याकडच्या फकिराने.”

“बघ! बरं चाललं असेल तेव्हा नाव घेत नाहीत आपलं. काढलं कुणी हे?”

“क्लॅम्प म्हणून चौघी बायका आहेत, त्यांनी. २००३ ते २०११, एकोणीस भाग. चित्रं बघा ना, काळ्या-पांढऱ्यात नुसता धूर वळवळतोय, यूकोच्या चिलमीतून निघून पार पानाबाहेर.”

“पोरगी देखणी आहे हो ही. केस बघ.”

“ती हिमावारी. वातानुकीचा जीव जडलाय तिच्यावर. सदा हसरी, पण तिच्या सहवासात येईल त्याचं—”

“गप! शेवट सांगू नकोस. पहिला भाग दे इकडे. आणि जा, दूध गेलं बघ.”