पापणीचा पंचनामा

वार्धक्य देहात कोणत्या वाटेने शिरते याविषयी वैद्यांत मतभेद असतील; परंतु त्याची पहिली वर्दी डोळ्यांच्या उंबरठ्यावर लागते, हे आरशाशी इमान राखणारा कोणताही गृहस्थ मान्य करील. देहावरची सर्वांत पातळ कातडी पापणीची. ती सैल पडून केसांवर ओघळते, आणि खालच्या पापणीमागे इतकी वर्षे मुकाट्याने राहिलेली चरबी पुढे सरून डोळ्यांखाली थैल्या धरते.

इलाज सोपा आहे. जादा कातडी मापून कापावी, टाके पापणीच्या नैसर्गिक घडीत दडवावेत आणि आठवड्याभरात ते काढून टाकावेत. 1818 साली ग्रेफे या जर्मन शल्यविशारदाने ‘ब्लेफेरोप्लास्टी’ हे नाव रोगाने नष्ट झालेली पापणी नव्याने घडवण्याच्या कामाला दिले होते. ज्याची पापणी शाबूत आहे तोच पुढे रांगेत उभा राहील, हे त्या सज्जनाच्या ध्यानीमनीही नसावे.

खरी मौज शस्त्रात नसून दप्तरात आहे. अमेरिकेत पासष्टी उलटलेल्यांचा आरोग्यविमा पाहणारे ‘मेडिकेअर’ हे सरकारी खाते सौंदर्यासाठी छदामही देत नाही. मात्र पापणी दृष्टीच्या आड येत असल्याचे शाबीत झाले, तर तीच शस्त्रक्रिया व्याधीच्या सदरात दाखल होऊन खर्च मंजूर होतो. सबब अर्जदार यंत्रापुढे हनुवटी टेकून बसतो व मंद ठिपका दिसला की कळ दाबतो. मग त्याच्या पापण्या चिकटपट्टीने वर ताणून हीच परीक्षा पुन्हा घेतली जाते, आणि दोन्ही नकाशांतली तफावत पुरेशी भरली की तो रीतसर पीडित ठरतो. सोबत छायाचित्रही लागते. जन्मभर छायाचित्रकारापुढे डोळे विस्फारून तारुण्याचा आव आणणारी व्यक्ती त्या एका छायाचित्रापुरती आपले वार्धक्य उदार मनाने प्रकट करते, आणि मंजुरीचा कागद हाती पडताच ते निपटून काढण्यासाठी शल्यगृहाकडे धाव घेते!

राजपुरुषांना अर्ज करावा लागत नाही, पण सबब लागते. दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्यून यांनी 2005 साली ओघळलेल्या पापण्यांवर शस्त्रक्रिया करवून घेतली, तेव्हा कारण निव्वळ वैद्यकीय असल्याचा खुलासा झाला, आणि तो अविश्वसनीय मानण्याचे कारणही नाही. एवढेच की त्या उपचारातून त्यांच्या पापणीवर जी ठसठशीत घडी अनायासे उमटली, तीच मिळवण्यासाठी त्यांच्या देशातील तरुण पदरमोड करीत असतात. इटलीचे बर्लुस्कोनी अधिक सरळ मनाचे म्हणावे लागतील: 2003 च्या अखेरीस ते काही काळ दृष्टीआड झाले आणि नव्या वर्षी डोळ्यांभोवतीची मुदत वाढवून प्रकट झाले.

आमच्या लोकप्रतिनिधींना मात्र आमची एक नम्र सूचना आहे. शल्यविशारदाचा हात फाजील सढळ पडून कातडी प्रमाणाबाहेर कापली गेली, तर डोळा निद्रेतही पुरता मिटत नाही, तो कोरडा पडतो आणि त्यात वरचेवर थेंब घालीत बसावे लागते. सामान्य माणूस थेंबांवर निभावून नेईल. परंतु ज्यांचा सारा कारभारच डोळ्यांवर कातडे ओढून घेण्यावर चालतो, त्यांनी ते कापवून घेण्यापूर्वी निदान अधिवेशन तरी संपू द्यावे.