कारणे दाखवा नोटीस : मु. पो. मुळावरची गाठ

प्रति,
रायझोबियम गटातील समस्त जिवाणू,
रा. स्टायलो या द्विदल चारापिकाचे मूळ, गिन्नी गवताच्या दोन ओळींमध्ये.

विषय : विनापरवाना नत्रनिर्मितीबाबत.
संदर्भ : जर्मन शास्त्रज्ञ हेलरिगेल यांनी 1886 मध्ये केलेला गौप्यस्फोट (प्रकरण तेव्हापासून प्रलंबित).

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, पंचांसमक्ष स्टायलोचे एक रोप मातीसकट उपटून मुळे पाण्यात खंगाळली असता बारीक गाठी आढळल्या. एक गाठ नखाने चिरली, ती आतून गुलाबी निघाली. सबब नत्राचा कारखाना चालू होता हे सिद्ध झाले. आपणांवरील आरोप पुढीलप्रमाणे :

1) हवेत 78 टक्के नत्र आहे म्हणून ते कोणीही उचलावे असे नाही. कारखाने त्यासाठी नैसर्गिक वायू जाळतात, चारशे-पाचशे अंशांची भट्टी लावतात. आपण तेच काम मातीच्या तापमानावर उरकता. जिवाणू खत म्हणून विकले जाणारे आपले पाकीटबंद भाऊबंद 2006 सालीच खत नियंत्रण आदेशाखाली आले. आपण मात्र अद्याप मोकाट.

2) युरियाची 45 किलोची गोणी शेतकऱ्यास 266 रुपये 50 पैशांना मिळते. खरी किंमत दोन हजारांच्या पुढे असून फरक शासन सोसते. आपण एक पैसाही अनुदान घेत नाही. मग खर्च दाखवायचा कुठे आणि निधी मागायचा कशाच्या जोरावर?

3) वापर कमी व्हावा म्हणून शासनाने 2018 मध्ये 50 किलोची गोणी 45 किलोची केली. शेतकरी गोण्या मोजून खत टाकतो, हा त्यामागील गाढा अभ्यास. आपण गोणीच गायब करू पाहता. हा धोरणाचा अवमान आहे.

4) युरियाच्या गोणीसोबत नको असलेली द्रव खताची बाटली गळ्यात मारण्याची काही दुकानांत प्रथा आहे. आपणासोबत काहीच खपवता येत नाही. उलट स्टायलोत गवतापेक्षा प्रथिने जास्त असल्याने पेंडीच्या खपावरही गदा येते.

5) जुन्या गाठी व मुळे कुजवून आपण नत्र शेजारच्या गिन्नी गवतास परस्पर देता. उरलेसुरले जनावराच्या शेणामुतातून कुरणात परत येते. या व्यवहाराची ना पावती, ना अंगठा.

बचावात आपण न्यूझीलंडचा दाखला द्याल. तेथील कुरणांत गवताबरोबर पांढरा क्लोव्हर हा द्विदल चारा पिढ्यान्‌पिढ्या नत्र पुरवीत होता. पुढे तेथेही युरियाचा मारा वाढला, नद्यानाले नासले आणि जुलै 2021 पासून कुरणावर हेक्टरी वर्षाला 190 किलो रासायनिक नत्राची मर्यादा घालावी लागली. आमच्याकडे असली घाई नसते. आधी पाणी नासू द्यावे, मग समिती नेमावी, असा येथील शिरस्ता आहे.

तरी सात दिवसांत लेखी खुलासा तीन प्रतींत सादर करावा. मुदतीत खुलासा न आल्यास कुरणात युरिया फेकण्यात येईल. आयते नत्र मिळाले की स्टायलो गाठींची रसद तोडतो, गिन्नी गवत माजून त्याच्या डोक्यावर चढते आणि आपला धंदा आपोआप बसतो, हे या कार्यालयास अनुभवाने ठाऊक आहे. त्यानंतर याच कुरणात नत्राची कमतरता असल्याचा अहवाल देऊन जादा गोण्यांची मागणी वर पाठविण्यात येईल.