तीनशे शब्दांचा न्याय

डहाणूजवळच्या विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेत पाड्यावरच्या एखाद्या पोराने खेळणं उचललं, तर 2015 चा बाल न्याय कायदा सांगतो: शक्यतो खटल्याविना मिटवा, समज द्या, समुपदेशन करा, घरी पाठवा. कायदा झकास! फक्त पोराला तो ठाऊक नसतो आणि दंडुकेवाल्याला ऐनवेळी आठवत नाही. पुण्यात मात्र लख्ख आठवला. 19 मे 2024 ला कल्याणीनगरात पोर्शच्या धडकेत दोघे गेले. आरोप सतरा वर्षांच्या मुलावर. बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन दिला, वर अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध. (नंतर बोंब झाली, आदेश बदलला, ते सोडा.) तेव्हा सरकार, निबंधाच्या वह्या डहाणू-तलासरीलाही पाठवा. आणि जमलंच, तर पुण्यात लगेच मिळतो तसा एक वकीलही.