आम्हाला प्रिंटर विकणाऱ्यास

महोदय,

पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची सवय आहे, पण तुम्हाला तसं लिहायला हात धजत नाही.

आप्पा बळवंत चौकाजवळच्या एका माडीवर आम्ही चौघं भाडं वाटून बसतो. माझं त्रैमासिक, बचत गटांचे हिशेब, एक कर सल्लागार आणि एक शिकवणी वर्ग. प्रिंटर चौघांत एकच. दिवसाला शंभर-सव्वाशे पानं निघतात, तीही बहुतेक काळीच. दुकानात तुम्ही मला यातलं काहीही विचारलं नाहीत. ‘बजेटमध्ये बसवून देतो’ म्हणालात आणि सगळ्यांत स्वस्त रंगीत इंकजेट हातात ठेवलात.

खोक्यातलं कार्ट्रिज पहिल्याच दिवशी संपलं. नवं आठशे रुपयांचं, पानं जेमतेम एकशेऐंशी. म्हणजे पानामागे साडेचार रुपयांच्या आसपास, तेही कागद सोडून. समोरचा झेरॉक्सवाला तेच पान दोन रुपयांत देत होता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! कार्ट्रिजवर छापलेला पानांचा आकडा कसा धरतात, हे तुम्हाला ठाऊक होतं. पानाचा साधारण पाच टक्के भाग शाईने भरेल, असा तो हिशेब असतो. ताळेबंदाचे तक्ते आणि जाड मथळे त्यात बसत नाहीत. मे महिन्यात शिकवणी बंद, वापर कमी, तर शाई बारीक छिद्रांत वाळली आणि ती साफ करण्यातच पुन्हा शाई गेली. लेझरच्या टोनरची भुकटी अशी वाळत नाही. हे एक वाक्य तुम्ही बोलला असतात, तर बचत गटाच्या बायकांच्या वर्गणीतले पैसे वाचले असते.

तरीही शाईच्या पैशांसाठी मी हे पत्र लिहिलं नसतं.

प्रिंटरसोबत तुम्ही संगणकात पानं लावायचं पेजमेकर आणि एक जुना मराठी फॉन्ट ‘फुकट’ घालून दिलात. पेजमेकरची २००१ साली आलेली सातवी आवृत्ती शेवटची. त्याला युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, कळत नाही. त्या जुन्या फॉन्टमध्ये तर इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले. पडद्यावर ‘क’ दिसतो, संगणकाच्या लेखी तिथे भलतंच चिन्ह असतं. फॉन्ट काढला की मराठी गेली. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीपासून आहे. ‘बॅट’मधला नव्हे, ‘ॲप’साठी लागणारा स्वतंत्र ‘ॲ’सुद्धा २००८ मध्ये आला. तुम्ही आम्हाला हे सगळं विकलंत ते त्यानंतर, कितीतरी वर्षांनी.

गेल्या महिन्यात एक आजोबा जिना चढून आले. त्यांच्या पत्नीने आमच्या अंकात जात्यावरच्या ओव्यांवर लेख लिहिला होता. आजी आता नाहीत. आजोबांना तो लेख नातीला परदेशी पाठवायचा होता. फाइल उघडली, तर कंस, टक्के आणि उद्गारचिन्हं. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारं परिवर्तक वापरून पाहिलं. रफार शेजारच्या अक्षरावर गेले, पहिल्या वेलांट्या जागा सोडून बसल्या, ‘दऱ्या’मधला ऱ्य नाहीसा झाला. आजोबा पडद्याकडे बघत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

आता आमच्याकडे दोन्ही बाजूंनी छापणारा काळा-पांढरा लेझर आहे, चौघांच्या संगणकांना जोडलेला. रंगीत कामासाठी बाटलीतून शाई भरायचा छोटा टँक प्रिंटर. अंक लावायला स्क्रायबस वापरतो, ते खरोखरच मोफत आहे. त्याच्या १.४ आवृत्तीत जोडाक्षरं तुटायची, १.६ मध्ये नीट बसतात. अक्षरं मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने केलेल्या, मुक्त परवान्याच्या ‘मुक्त’ फॉन्टची. छापखान्यात फॉन्टसह बांधलेली पीडीएफ जाते, तिथून ‘तुमचा फॉन्ट पाठवा’ असा फोन येत नाही. हे शोधायला मला तीन आठवडे लागले, आणि मी या धंद्यातली नाही. तुम्ही आहात.

माझी मागणी पैशांची नाही. तुमच्या दुकानात पुढची बाई आली की तिला किंमत सांगण्याआधी विचारा: महिन्याला किती पानं, काळी की रंगीत, मशीनवर किती जण? मराठी मजकूर असेल, तर युनिकोडशिवाय काहीही घालून देऊ नका. आणि आमचे जुने अंक पुन्हा टंकायला शनिवारी दुपारी माणसं लागतात. तुमच्या दुकानातलं एखादं पाठवा, किंवा स्वतः या. आजोबांचा लेख अकरा पानांचा आहे. तो टंकत काल मी सातव्या पानापर्यंत आले.

त्रैमासिकाची संपादक