घाटाचा राजा सिंघम

चित्रपटाला कथा लागते ही समजूत आता जुन्नर-आंबेगावातून तरी हद्दपार व्हावी. रोहित शेट्टींचा 'सिंघम अगेन' १ नोव्हेंबर २०२४ रोजी, ऐन दिवाळीत आला आणि शहाण्यासुरत्या मंडळींनी नाकं मुरडली. यांनी बैलगाडा शर्यतीचा घाट कधी पाहिलेला नसणार.

आंबेगाव तालुक्यातल्या नागापूरला थापलिंगच्या खंडोबाची यात्रा पौष पौर्णिमेला भरते. तिथल्या शर्यतीच्या घाटात एक बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, संपायला दहा-पंधरा सेकंद पुरतात. पण त्याआधी निवेदक गाडामालकाचं नाव घेतो, मग त्याच्या वडिलांचं, मग भागीदारांची, मग आजी-माजी सरपंच, कारखान्याचे संचालक आणि 'नुकतंच आगमन झालेले' पाहुणे. एखादं नाव राहिलं तर पुढच्या वर्षीची देणगी राहते. बैल तोवर जू घेऊन उभे. मग भिर्रर्र! पुढे घोडी, मागे धुरळा, वर भंडारा. झाली बारी. शर्यत फार लवकर आटोपली, अशी तक्रार कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

शेट्टींनी हीच रीत पाळली. अजय देवगण, करीना, अक्षय कुमार, रणवीर, दीपिका, टायगर श्रॉफ, अर्जुन कपूर, जॅकी श्रॉफ. सगळ्यांचं आगमन यथासांग, पावलं संथ, संगीत कर्कश. शेवटी सलमान खान चुलबुल पांडे होऊन तोंड दाखवून जातात. बाऱ्या संपल्यावर पोचणाऱ्या पाहुण्यालाही नारळ द्यावाच लागतो. अडीच तासांच्या आत एवढे सत्कार उरकणारी यात्रा कमिटी आमच्याकडे अजून व्हायची आहे.

कथा म्हणाल तर ती रामायणाची, म्हणजे चोरीचाही आळ नाही. सिंघमच्या बायकोला, अवनीला, पळवून लंकेत नेतात. प्रेक्षकाच्या लक्षात न आल्यास पंचाईत, म्हणून शेजारी रामलीला चालू ठेवली आहे. तरी कुणी चुकेल म्हणून खलनायकाचं टोपणनावच 'डेंजर लंका'. आमच्या सप्ताहातले कीर्तनकार सीताहरण एका बैठकीत, एका वीणेवर भागवतात. त्यांना श्रोत्यांच्या बुद्धीची एवढी काळजी नसावी.

मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०२३ मध्ये सिंघमछाप चित्रपटांतला झटपट न्याय घातक असल्याचं म्हटलं होतं. त्यांनी निश्चिंत असावं. कायदा मोडायला तो आधी पडद्यावर यावा लागतो आणि एवढ्या पाहुण्यांत त्याला खुर्ची कुठली? कायद्याच्या वाटेने गेलेल्यांचं काय होतं ते आम्हाला ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शर्यती बंद केल्या, त्या डिसेंबर २०२१ मध्ये सुटल्या. साडेसात वर्षं बैल गोठ्यात आणि मालक तारखांना. बाजीराव सिंघमने हे काम मध्यंतराआधी, दोन थपडांत केलं असतं. वर एक जीप उडवली असती ती वेगळी.

पुढच्या भागासाठी एकच दुरुस्ती सुचवतो. आपल्या भागातला खरा निवेदक घ्यावा. तो आठही जणांची नावं वडिलांसकट पाच मिनिटांत घेईल आणि उरलेल्या वेळात, कुणाची हरकत नसेल तर, बैल सोडता येतील.